चांद्याच्या तटाभोवती



साकोलीहून महामार्गाने पूर्वेकडे निघालात, की थोड्याच वेळात सौंदड लागते. तेथे गोंदिया-बल्लारशा मार्गावरचे लहानसे रेल्वे स्टेशन आहे. गाडी वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल अशी गावे घेत जंगलातून पुढे जाते आणि एका स्टेशनावर पाटी दिसते : 'चांदा फोर्ट'. फोर्ट म्हणजे किल्ला, हे तुम्हांला ठाऊकच आहे. चांदा हे चंद्रपूर शहराचे जुने नाव.

गेल्या हिवाळ्यात आम्ही आठवी-नववीची मुले-मुली घेऊन हाच किल्ला पाहायला गेलो. किल्ला म्हटल्यावर मुलांच्या डोळ्यांसमोर उंच डोंगर होता, डोंगरावर बुरूज होते. स्टेशनावर उतरल्यावर डोंगर कोठेच दिसेना. रिक्षा, दुकाने, सायकली, भाजीची गाडी, असे सगळे नेहमीच्या शहरासारखे. आम्ही शहरात आलो, जटपुरा दरवाजातून आत गेलो, तरी एका मुलाने विचारलेच, "सर, किल्ला कुठे आहे?"

आम्हांला शहर दाखवायला एक जाणकार गृहस्थ आले होते. ते हसले आणि म्हणाले, "बाळा, तू किल्ल्यातच उभा आहेस."

मित्रांनो, किल्ले अनेक प्रकारचे असतात. डोंगरावर बांधलेला तो डोंगरी किल्ला किंवा गड. समुद्रात किंवा पाण्याने वेढलेला तो जलदुर्ग. सपाट जमिनीवरचा तो भुईकोट. पण काही ठिकाणी राजाने केवळ आपल्या वाड्याभोवती भिंत बांधली नाही, तर सगळ्या गावाभोवती बांधली. घरे, बाजार, तलाव, देवळे, मशिदी सारे काही त्या भिंतीच्या आत. अशा गावाला तटबंदीचे शहर म्हणतात. चंद्रपूर हे असे शहर आहे. त्याचा तट दहा-अकरा किलोमीटर लांब आहे. साकोलीच्या बाजारपेठेला कितीतरी फेऱ्या माराल, तेव्हा कोठे तेवढे अंतर होईल!

आता थोडे शब्दांकडे पाहू या. मराठी आपली दुसरी भाषा आहे, म्हणून पुष्कळ मुले मराठी बोलताना बिचकतात. पण किल्ल्याच्या दरवाजात उभे राहिल्यावर तुमची भीती कमी होईल. किल्ला, दरवाजा, बुरूज, खंदक, तोफ, फौज हे सगळे शब्द तुम्ही घरी ऐकता. ते अरबी, फारसी आणि तुर्की भाषांतून मराठीत आले आणि मराठीचेच होऊन राहिले. काही शब्द मात्र नवे शिकावे लागतील. उर्दूत ज्याला आपण फसील म्हणतो, त्याला मराठीत 'तट' म्हणतात. तटाच्या माथ्यावरच्या कंगुऱ्यांना 'चर्या' म्हणतात. आतून बाण किंवा बंदूक मारण्यासाठी ठेवलेल्या भोकांना 'जंग्या' म्हणतात. पहारेकऱ्यांनी बसण्याच्या जागेला 'देवडी' म्हणतात. म्हणजे निम्मे शब्द तुमच्याजवळ आहेत. उरलेले निम्मे मिळवायचे आहेत.

ऐतिहासिक जागा पाहताना बहुतेक लोक दाखवणाऱ्याच्या मागे चालतात, मान हलवतात आणि फोटो काढून परत येतात. घरी आल्यावर आठवते ते फक्त काय खाल्ले एवढेच. असे होऊ नये म्हणून निघण्यापूर्वी आम्ही प्रत्येकाला वहीत तीन प्रश्न लिहायला लावले होते. पहिला, हे कोणी आणि कशासाठी बांधले? दुसरा, हे कशावरून कळते? तिसरा, आज याची काळजी कोण घेते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर जटपुरा दरवाजावरच कोरलेले आहे. मान वर केली की दगडात हत्तीवर मात करणारा सिंह दिसतो. चांद्याच्या गोंड राजांचे हे राजचिन्ह आहे. दारावरची पाटी जशी घर कोणाचे ते सांगते, तसे हे चिन्ह शहर कोणाचे ते सांगते. या गोंड राजांची राजधानी आधी वर्धा नदीच्या काठी बल्लारपूरला होती. तेथील किल्ला आजही नदीकाठी उभा आहे. पुढे राजधानी चांद्याला आली. शहराचा एवढा मोठा तट काही एका राजाच्या काळात पुरा झाला नाही. एकाने पाया घातला आणि त्याच्या वंशातील पुढच्या राजांनी तो पूर्ण केला.

तटाला चार मोठे दरवाजे आहेत : जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा. याशिवाय पाच लहान वाटा आहेत. त्यांना 'खिडकी' म्हणतात. हनुमान खिडकी, विठोबा खिडकी, बगड खिडकी, मसण खिडकी आणि चोर खिडकी अशी त्यांची नावे. ही नावे ऐकून मुलांना गंमत वाटली. पण नावातच माहिती दडलेली असते. मसण म्हणजे स्मशान. त्या वाटेने माणसाचा शेवटचा प्रवास होत असे. मोठ्या दरवाजांतून व्यापारी, बैलगाड्या आणि फौजा यायच्या. खिडक्यांतून रोजची माणसे जायची. दार मोठे असेल तर ये-जा सोपी होते, पण शत्रूलाही आत शिरणे सोपे जाते. म्हणून मोठी दारे मोजकीच ठेवायची आणि तेथे पहारा बसवायचा, ही जुन्या नगररचनेची रीत होती.

आता दुसरा प्रश्न. आमच्या मार्गदर्शकांनी एक गोष्ट सांगितली. ती चंद्रपुरात लहान मूलही सांगेल. खांडक्या बल्लाळशा नावाच्या राजाच्या अंगावर फोड आले होते. झरपट नदीच्या पात्रातील एका कुंडाच्या पाण्याने हातपाय धुताच ते बरे झाले. पुढे त्याच भागात राजा शिकारीला गेला असता एक ससा पळू लागला नाही, तर उलट राजाच्या कुत्र्याच्याच मागे लागला! राजाने ही नवलाची गोष्ट राणीला सांगितली. राणी हुशार होती. ती म्हणाली, 'ज्या भूमीवर ससासुद्धा कुत्र्याला भीत नाही, तेथे शहर वसवा. ससा ज्या वाटेने धावला, त्याच वाटेने तट बांधा.'

मुले खूश झाली. तेवढ्यात नववीतली एक मुलगी पुढे आली. ती वर्गात मराठीच्या तासाला कधी तोंड उघडत नाही. तिने वही उघडली. प्रश्न मराठीत होता, पण तिने तो उर्दू लिपीत लिहून आणला होता, म्हणजे वाचताना अडखळायला नको. तिने एका दमात वाचले, "काका, ही गोष्ट खरी आहे हे कशावरून?"

क्षणभर सगळे गप्प झाले. मलाही वाटले, आता हे रागावतील. पण त्यांनी तिला जवळ बोलावले आणि म्हणाले, "चांगला प्रश्न विचारलास, बेटी. ही दंतकथा आहे. तिला पुरावा नाही. पण तट आहे, त्यावरचे चिन्ह आहे आणि मोगलांच्या काळातल्या कागदांत चांद्याच्या राजाचे नाव आहे. हे पुरावे आहेत."

अकबराच्या दरबारातील अबुल फजल याचे नाव तुम्ही इतिहासात वाचले आहे. त्याच्या 'आईन-ए-अकबरी' या फारसी ग्रंथात वऱ्हाडाच्या वर्णनात चांद्याच्या गोंड सत्तेचा उल्लेख येतो. म्हणजे दिल्ली-आग्र्यापर्यंत या शहराची वार्ता पोहोचली होती. दंतकथा खोटी म्हणून फेकून द्यायची नाही. लोकांना आपले शहर किती प्रिय होते, हे तिच्यावरून कळते. पण दंतकथा आणि पुरावा यांची गल्लत करायची नाही. त्या दिवशी ही गोष्ट मुले माझ्या शिकवण्यावरून नव्हे, तर त्या मुलीच्या प्रश्नावरून शिकली.

पुढे आम्ही अंचलेश्वर दरवाजाजवळ गोंड राजांच्या समाध्या पाहिल्या. त्यांत राजा बीरशाची समाधी सर्वांत भव्य आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बीरशाचा खून झाला. त्याची राणी हिराई हिने दत्तक घेतलेल्या रामशाच्या नावाने राज्य सांभाळले आणि पतीची समाधी बांधली. शहरातील प्रसिद्ध महाकाली मंदिरही तिनेच बांधले. 'शाहजहानने मुमताजसाठी बांधले, येथे राणीने राजासाठी बांधले,' असे एका मुलाने वहीत लिहिले. मला ते वाक्य आवडले.

एवढा भक्कम तट असूनही शहर पडले ना? पडले. १७५१ साली चांदा नागपूरच्या भोसल्यांच्या हाती गेले. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी शहराला वेढा दिला, तोफांनी तटाला खिंडार पाडले आणि शहर घेतले. भाले-तलवारींच्या काळात जी भिंत शहराला वाचवत होती, ती मोठ्या तोफांपुढे टिकली नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड निघाला. लढाया संपल्यावर तटाचे काम संपले. त्यावर झाडे उगवली, मुळ्यांनी दगड सैल झाले, कडेला कचरा पडू लागला. शहरातील माणसे रोज दरवाजातून जात होती, पण तट कोणी पाहत नव्हते. खरे सांगायचे तर मीही त्यांतलाच. शिक्षक होण्यापूर्वी कामानिमित्त दोन-तीनदा चंद्रपूरला गेलो होतो. जटपुरा दरवाजाखालून गेलो, पण एकदाही मान वर करून पाहिले नाही. मग २०१७ साली इको-प्रो या संस्थेच्या स्वयंसेवकांनी तट साफ करायला घेतला. झाडेझुडपे तोडणे, कचरा उचलणे, बुरूज मोकळे करणे, हे काम दोनशेहून अधिक दिवस चालले. त्यामुळे तटावरून चालत शहर पाहणे शक्य झाले. आधी हात लागले आणि मग पाहुणे आले, हा क्रम लक्षात ठेवा.

येथे मला एक कबुली द्यायची आहे. तटावर चालताना आमच्याच आठवीतला एक मुलगा मागे राहिला. मी वळून पाहिले, तर तो कंपासपेटीतल्या कर्कटकाने दगडावर आपले नाव कोरत होता. दोन अक्षरे झाली होती. माझी मान खाली गेली. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यानुसार संरक्षित वास्तू विद्रूप करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मी रागावणार होतो. पण मार्गदर्शकांनी त्याला फक्त एवढेच विचारले, "तू या तटासाठी काय केलेस, की तुझे नाव येथे असावे?" मुलगा काही बोलला नाही. परतीच्या वाटेवर त्याने न सांगता चिवड्याची रिकामी पाकिटे गोळा करून पिशवीत भरली.

या प्रश्नावरून मला जर्मनीतील एक गाव आठवले. त्याचे नाव रोथेनबुर्ग. टाउबर नदीच्या वर वसलेले हे जुने गाव चांद्यासारखेच तटाच्या आत आहे. संध्याकाळी तेथे जुन्या काळच्या पहारेकऱ्याच्या वेशात, हातात कंदील घेऊन एक मार्गदर्शक पाहुण्यांना गल्लीगल्लीतून फिरवतो. दुसऱ्या महायुद्धात, ३१ मार्च १९४५ रोजी, या गावावर बॉम्ब पडले. घरे जळाली, तटाचाही काही भाग कोसळला. युद्धानंतर तट पुन्हा बांधायला पैसा नव्हता. तेव्हा जगभरातील लोकांनी मीटरच्या हिशेबाने तटासाठी देणग्या दिल्या. ज्यांनी दिल्या, त्यांची नावे तटाच्या दगडांवर लावली आहेत. तेथे फिरणारा माणूस ती नावे वाचत जातो. भिंतीवर नाव असणे वाईट नाही, मित्रांनो. ते कशामुळे आले, हा खरा प्रश्न आहे.

तुम्ही म्हणाल, चंद्रपूर लांब, जर्मनी तर त्याहून लांब. मग आपल्या जिल्ह्याकडे या. आपल्या भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात अंबागड आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद, ज्याने १७०२ साली नागपूर शहर वसवले, त्याच्या राजाखान नावाच्या सुभेदाराने हा गड सुमारे १७०० साली बांधला. पुढे भोसल्यांच्या काळात त्याचा उपयोग तुरुंगासारखा होत असे. ओस पडलेल्या गडावर प्रश्न विचारणारा कोणी नसेल, तर त्याची गोष्ट हळूहळू विसरली जाते. मग दगड उरतात, पण किल्ला उरत नाही.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही अंबागडाला जाणार आहोत. या वेळी मार्गदर्शक बाहेरून आणायचा नाही, असे ठरले आहे. नववीची मुले माहिती जमवतील आणि पाचवी-सहावीच्या मुलांना गड दाखवतील, तोही मराठीतून. चुका होतील, होऊ द्या. ऐकणारी मुले मात्र 'कशावरून?' असे विचारतील, हे पक्के समजा.

त्या मुलीने आपली वही अंबागडासाठी जपून ठेवली आहे. दोन प्रश्न तिने आताच लिहिले आहेत आणि या वेळी ते देवनागरीत आहेत. तिसऱ्या प्रश्नाची जागा अजून कोरी आहे. तो प्रश्न तुम्ही सुचवा.