जुनी नाव घेतलीत? मोटार नंतर बघू

मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये घेतला. तेव्हापासून वीजदर, कर्ज आणि विमा यांवर पुष्कळ छापून आलं. नावेबद्दल मात्र फारसं कुणी बोललं नाही. बाभुळगाव तालुक्यात खडक सावंग्याला बेंबळा धरण आहे आणि त्याचा उपयुक्त साठा सुमारे १८४ दशलक्ष घनमीटर. एवढ्या पाण्यावर जाळं टाकायचं तर तराफा किंवा ट्यूब पुरत नाही, आणि नवी फायबरची नाव घ्यायची तर खिसा पुरत नाही. मग कुठूनतरी जुनी नाव आणली जाते आणि तिच्यावर घरीच हात चालवला जातो. ही कारागिरी मला मोलाची वाटते. तिचा क्रम मात्र बहुतेक वेळा उलटा असतो.

कारण सगळं लक्ष मोटारीकडे. मोबाइलवर जुनी नाव नवी करण्याचे जे व्हिडिओ दिसतात, ते बहुतेक अमेरिकेतल्या ‘बास’ माशाच्या हौशी मासेमारीचे. तिथे १९३४ पासून मिन कोटाच्या विजेवरच्या मोटारी आहेत आणि १९४८ मध्ये स्कीटर नावाची खास बासची नाव निघाली. ती नाव रुंद असते. तिच्या पुढच्या उंच फळीवर उभं राहून माणूस गळ फेकतो. आपला मच्छीमार बसून किंवा वाकून कडेवरून गिलनेट ओढतो आणि त्याची नाव अरुंद असते. तिच्यावर तशी उंच फळी ठोकली की माणसाचं वजन वर जातं, आणि भरलेलं जाळं ओढताना नाव कलंडायला निमित्तच मिळतं. त्या व्हिडिओतून उचलण्यासारख्या गोष्टी आहेत, उंच फळी त्यांतली नाही.

मी वाचकांपुढे आग्रहाने एकच गोष्ट मांडतो आहे. जुन्या नावेवरचा पहिला रुपया तिच्या तरंगण्यावर खर्च झाला पाहिजे. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वर्धा नदीत, वरूड तालुक्यातल्या झुंजजवळ नाव उलटली आणि ११ जण गेले. आपली बेंबळा नदी याच वर्धेला मिळते. नावेत किती माणसं बसवावीत यावर त्या वेळी बोललं गेलं, आणि ते बरोबरच होतं. पण पाणी भरल्यावरही नाव हाताला धरायला वर राहील का, हा प्रश्न विचारायला हवा होता.

त्याचं उत्तर साध्या हिशोबात आहे. फायबर पाण्याच्या दीडपट जड असतं, म्हणून १५० किलोचं रिकामं कवच बुडाल्यावर पाण्यात सुमारे ५० किलोच भरतं. त्यात बॅटरी, मोटार आणि कडेला लोंबकळणारी दोन माणसं धरली तरी दीडशे लिटरचा तरंग पुरतो. एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि ५० मिलिमीटर जाड अशी थर्माकोलची पाटी २५ लिटरची होते. अशा सहा पाट्यांचं वजन सगळं मिळून तीनेक किलो, आणि त्या तोलतात दीडशे किलोच्या आसपास.

या पाट्या तळाशी घालू नयेत. तरंग खाली असला तर पाणी भरताच नाव उलटी होते आणि पालथीच तरंगते. पाट्या दोन्ही बाजूंना, काठाच्या खाली, जितक्या वर बसतील तितक्या वर हव्यात. शिवाय पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने थर्माकोल विरघळतं, पेट्रोलनेही विरघळतं. त्यावर थेट रेझिन ओतलं की पाटीच्या जागी पोकळी राहते आणि वरून काहीच कळत नाही. म्हणून आधी जाड प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळा. याहून सोपा उपाय म्हणजे घट्ट झाकणाचे रिकामे पाच लिटरचे कॅन, तीस नग, पट्ट्यांनी आवळून बांधलेले. कॅन फुटला तर डोळ्यांना दिसतो आणि बदलता येतो.

काही नावांत कारखान्यातूनच हवेचे बंद कप्पे असतात. जुन्या नावेत तेच फसवतात. बारीक तड्यातून वर्षानुवर्षं पाणी झिरपतं आणि ज्याने तारायचं तो कप्पाच ओझं होतो. विकत घेण्यापूर्वी लाकडी हातोडीने ठोकून बघा. बद्द आवाज आला तर मालकाला विचारून कप्प्याच्या खालच्या टोकाला छोटं भोक पाडा. पाणी निघालं तर भाव तिथेच पाडून मागा.

तडा बुजवताना बाहेरून एम-सीलची गोळी दाबणं ही फार तर किनारा गाठण्यापुरती सोय. पक्कं काम करायचं तर तड्याच्या दोन्ही बाजू घासून उतरत्या कराव्या लागतात. सहा मिलिमीटरच्या जाडीला जवळपास चार बोटं उतार द्या. मग ॲसिटोनने पुसून, रेझिनमध्ये भिजवलेल्या फायबर-मॅटचे थर एकावर एक, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा मोठा. घासताना नाकातोंडावर मास्क हवाच, फायबरची धूळ छातीत जाते.

आपल्याकडे खरी अडचण उन्हाची आहे. रेझिनच्या डब्यावर लिहिलेलं हार्डनरचं प्रमाण साधारण तापमानासाठी असतं. विदर्भातल्या मे महिन्यात, ४४ अंशांत, तेवढंच हार्डनर टाकलं तर ब्रश टेकवेपर्यंत रेझिन डब्यातच गोठतं, तापतं, धुरावतं. हार्डनर एक टक्क्यापर्यंत खाली आणा, थोडंथोडंच कालवा आणि काम पहाटे उरका. कोबाल्टचं ॲक्सिलरेटर वेगळं मिळालं असेल तर ते आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. एक आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच दुसरं घालायचं.

हे सगळं झालं की मोटार. ५५ पौंड ताकदीची १२ व्होल्टची मोटार पूर्ण वेगात सुमारे ५० अँपिअर खेचते. म्हणजे १०० अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी फारशी न पिळता तासाभराची. वेग निम्मा केला तर लागणारी शक्ती साधारण आठव्या हिश्शावर येते, हे लक्षात ठेवणारा संध्याकाळी वल्हं न मारता परततो. या प्रवाहाला घरातली अडीच चौरस मिलिमीटरची वायर चालत नाही. १६ ची घ्या आणि बॅटरीच्या टोकाशीच फ्यूज बसवा. मागच्या फळीला मोटारीसाठी भोकं पाडली की त्यांच्या आतल्या कडांना रेझिन पाजा, नाहीतर आतलं प्लायवूड कुजतं. प्लाय बदलायचंच तर आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय. जाळं टाकताना आणि ओढताना मोटार पाण्याबाहेर उचललेली असू द्या, पंख्याला जाळं गुंडाळायला क्षण पुरतो.

बासवाल्यांकडून घ्यायची ती जिवंत मासा ठेवायची टाकी. मरळ हवेतूनही श्वास घेते, म्हणून ती बाजारापर्यंत तग धरते. कतला, रोहू धरत नाहीत. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांत साडेसातच. त्यामुळे १२ व्होल्टच्या छोट्या पंपाने पाणी वरून फवारत राहायला हवं, आणि टाकीवर सावली हवी. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, तेव्हा टाकी नावेच्या मध्यावर, तळाशी.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना जुन्याच्या बदल्यात नाव आणि जाळी देण्याची तरतूद आहे. ती चांगलीच आहे. पण शेतीचा दर्जा मिळालाच आहे तर मच्छीमार संस्थांना रेझिन, मॅट, मास्क आणि दोन दिवसांचं दुरुस्तीचं प्रशिक्षणही मिळायला हवं. नव्या एका नावेच्या पैशांत कितीतरी जुन्या नावा सुरक्षित होतील.

तोवर एक चाचणी प्रत्येकाने करावी. कंबरेएवढ्या पाण्यात, काठाजवळ, नावेत मुद्दाम पाणी भरा. बॅटरी आणि मोटार काढून त्यांच्या वजनाइतकी वाळूची पोती आत बांधा आणि दोघांनी कडेला धरून लोंबा. काठ पाण्यावर राहिला तर नाव मोटारीच्या लायकीची झाली. नाही राहिला तर आणखी कॅन बांधा आणि पुन्हा भरून बघा.