वारासिवनीची साडी आणि विणकराची मजुरी

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यातल्या वारासिवनीच्या हातमागाच्या साडीला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गोंदिया-भंडाऱ्याला लागून असलेला हा जिल्हा १९५६ पर्यंत नागपूरबरोबर एकाच राज्यात होता. वैनगंगेच्या खोऱ्यात विणकामाची परंपरा जुनी आहे. भंडारा-नागपूरकडची करवती काठाची साडी याच टापूतली.

साडी एकटा विणकर करत नाही. घरातल्या बायका सूत उकलून कांड्या भरतात, ताणा तयार करतात, त्याला खळ देतात. मग ताण्याचा एकेक धागा फणीतून ओवून माग लावला जातो. त्यानंतर पाय पावड्यांवर आणि हात धोट्यावर. साध्या साडीलाही काही दिवस जातात. काठ-पदरावर नक्षी असली की त्याहून अधिक. मजुरी मात्र बहुधा नगावर मिळते आणि कांड्या भरणारीच्या कष्टाचा त्यात वेगळा हिशेब क्वचितच धरला जातो. २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत सुमारे ३५ लाख कामगार नोंदले गेले, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. या कामगारांच्या सुमारे दोन तृतीयांश कुटुंबांचे मासिक उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा कमी होते.

गरिबाला हातभार लागावा म्हणून महाग साडी घेतली, तरी ते पैसे विणकरापर्यंत पोचतीलच असे नाही. महाजन सूत देतो, ठरलेली मजुरी देऊन साडी उचलतो आणि पुढची किंमत व्यापारी ठरवतो. शहरातल्या दुकानात भाव दुपटीने वाढला तरी मजुरी तीच राहू शकते. विणकराने उचल घेतलेली असेल, तर दुसऱ्याला माल विकण्याची मोकळीकही उरत नाही. सहकारी संस्था या साखळीतले काही दुवे कमी करते. पण ती चालती असावी आणि तिने पैसे वेळेवर द्यावेत. नुसत्या नावाची संस्था महाजनापेक्षा फार बरी नसते.

मानांकनाने नावाचे रक्षण होते. ठरलेल्या भागात, ठरलेल्या पद्धतीने न विणलेल्या मालाला ते नाव लावता येत नाही. मजुरी वाढवण्याची सक्ती त्यात नाही. ‘हँडलूम मार्क’ ही २००६ पासूनची खूण माल हातमागाचा असल्याचे सांगते. तीही मजुरीबद्दल गप्पच. तरी ती पाहून घ्यावी, कारण यंत्रमागावरची हुबेहूब नक्कल नुसत्या नजरेला सहज फसवते आणि स्वस्तात विकून खऱ्या विणकराचा भाव पाडते.

म्हणून साडी कुणी विणली, मजुरी किती दिली आणि ती केव्हा दिली, हे दुकानदाराला विचारावे. उत्तर नसेल तर ‘गरिबांना मदत’ ही पाटी जाहिरातीपुरतीच समजावी. मध्य प्रदेश सरकारची ‘मृगनयनी’ दालने किंवा थेट विणकरांची संस्था हे मार्ग त्यातल्या त्यात सरळ. एक साडी घेऊन वर दान देण्यापेक्षा ठरावीक मागणी आधी नोंदवून आगाऊ रक्कम देणे विणकराला अधिक कामाचे. पावसाळ्यात खळ वाळत नाही, खड्ड्याच्या मागाखाली ओल येते आणि काम रेंगाळते. त्याच दिवसांत सुतासाठी उचल घ्यावी लागते. लग्नसराईची मागणी जूनमध्येच नोंदवून काही रक्कम हातात पडली, तर विणकर ते सूत स्वतः विकत घेऊ शकतो आणि विणलेली साडी कुणाला द्यायची हे स्वतः ठरवू शकतो.