एसजीपीटी वाढले म्हणजे नेमके काय झाले?

समजा, सिंदखेडराजा तालुक्यातल्या दुसरबीडच्या एका शिक्षकांनी रक्त तपासून घेतले. अहवालात एसजीपीटी ८५ निघाले आणि शेजारी कमाल मर्यादा छापली होती ४०. यकृत बिघडले, असा घरच्यांनी लगेच अर्थ काढला. तो बरोबर आहे का?

आधी वर्गात करता येईल असा एक प्रयोग पाहू. बिटाच्या चकत्या कापून स्वच्छ धुवा. काही चकत्या थंड पाण्यात, काही कढत पाण्यात टाका. थंड पाणी फिकटच राहते, कढत पाणी लाल होते. उष्णतेने पेशींची आवरणे खराब झाली आणि आतला रंग बाहेर आला. आता काही चकत्या सर्जिकल स्पिरिटमध्ये ठेवा (जवळ ज्योत नको). तेही लाल होते. म्हणजे पेशींना इजा झाली हे रंग सांगतो; कशाने झाली, ते सांगत नाही.

एसजीपीटी आणि एसजीओटी ही यकृताच्या पेशींमधली विकरे. पेशींना इजा झाली की ती रक्तात जास्त झिरपतात. कारण मात्र आपल्यालाच शोधावे लागते.

आज किंचित वाढीचे नेहमीचे कारण म्हणजे यकृतात साठलेली चरबी. वाढते वजन आणि मधुमेह यांच्याशी तिचा जवळचा संबंध आहे. दारूमुळे इजा झाली असेल तर एसजीओटी बहुधा एसजीपीटीच्या दुप्पट किंवा अधिक असते. दूषित पाण्यातून होणाऱ्या 'अ' आणि 'ई' काविळीत आकडा हजारांवर जाऊ शकतो. 'ब' आणि 'क' काविळीचे विषाणू रक्तावाटे पसरतात आणि वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकतात.

औषधांनीही यकृताला इजा होते. क्षयावरची आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन व पायराझिनामाइड ही त्यांतली प्रमुख. मात्र ती मनाने बंद करू नयेत. उलटी, भूक मरणे, पिवळे डोळे दिसताच डॉक्टरांना गाठावे. 'झाडपाल्याने अपाय नाही' हा समजही तपासून पाहिला पाहिजे. करोनाच्या साथीत, २०२० मध्ये, गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला. तरी काय काय घेतो, ते डॉक्टरांना सांगावेच.

कधी दोष यकृताचा नसतोच. एसजीओटी स्नायूंतही असते; दिवसभर कुदळ चालवल्यावरही ते वाढू शकते. अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर वाढत्या हाडांतूनही येते, म्हणून आठवी-नववीच्या मुलांत ते प्रौढांपेक्षा जास्त असणे स्वाभाविक आहे.

उलट, आकडा मर्यादेत असला तरी यकृत निरोगी असेलच असे नाही. यकृत काम कसे करते, ते बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठण्याचा वेळ यांवरून अधिक कळते.

तेव्हा आपल्या शिक्षकांनी घाबरू नये आणि अहवाल कपाटातही टाकू नये. औषधे, दारू, वजन, कष्ट यांची खरी माहिती डॉक्टरांना द्यावी आणि त्यांच्या सल्ल्याने तपासणी पुन्हा करावी.