क्रिप्टोचलन व्यवहारातील नफा-तोटा : एक प्राथमिक विवेचन

प्रस्तावना : विक्री किमतीतून खरेदी किंमत वजा केली की नफा मिळतो, अशी क्रिप्टोचलनाचे व्यवहार नव्याने करणाऱ्यांची समजूत असते. ती अपुरी कशी आहे, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

विवेचन : चलन विकेपर्यंत दिसणारा नफा केवळ कागदी असतो. विक्रीनंतर त्यातून खरेदी व विक्री या दोन्ही वेळचे शुल्क वजा जाते. त्यानंतर कराचा विचार करावा लागतो. भारतात २०२२ च्या वित्त अधिनियमाने अशा नफ्यावर ३० टक्के कर लागू केला. त्यात खरेदी खर्चाखेरीज अन्य वजावट मिळत नाही. एका व्यवहारातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वळता करता येत नाही, तसेच तो पुढील वर्षीही ओढता येत नाही.

उदाहरणार्थ, एकाच वर्षी बिटकॉइनमध्ये ४०,००० रुपये नफा व इथरमध्ये ५०,००० रुपये तोटा झाल्यास निव्वळ तोटा १०,००० रुपये दिसतो. तथापि नफ्यावर १२,००० रुपये कर द्यावाच लागतो. म्हणजे शुल्क व उपकर वगळूनही एकूण तोटा २२,००० रुपये होतो.

निष्कर्ष : तोट्यातील व्यक्तीलाही कर भरावा लागू शकतो. म्हणून विद्यार्थ्यांना हा विषय शिकविताना करोत्तर हिशेबावर भर देणे आवश्यक आहे.