घरी गोंडी, शाळेत तेलुगू

तेलंगणातल्या आदिलाबादच्या आश्रमशाळेत शिकणारं गोंड किंवा कोलाम मूल घर सोडतं, तेव्हा बरेचदा भाषाही मागे ठेवून येतं. वसतिगृहात खाणं-राहणं मिळतं. आईच्या बोलीत धडा मात्र क्वचितच मिळतो.

● १९४० : जल-जंगल-जमिनीसाठी लढणारे कुमराम भीम जोडेघाटला मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्याकडे गोंडांच्या प्रश्नांचा अभ्यास सोपवला.

● १९४३ : मारलवाईत गोंड शिक्षकांचं प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. गोंडी वाचनपुस्तकं देवनागरीत छापली गेली. शिकवणारा आपलाच, भाषाही आपलीच!

● १९५६ : भाषावार प्रांतरचनेत आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेलं, तर राजुरा मराठी मुलखात आलं. एकाच समाजाची मुलं पुढे दोन राज्यभाषांत शिकू लागली. त्याच वर्षी राज्यघटनेत आलेलं कलम ३५०-क प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला सांगतं.

● २०१६ : आदिलाबाद जिल्ह्याचे चार भाग झाले. मारलवाई आता कुमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. उटनूरची एकात्मिक आदिवासी विकास संस्था मात्र आदिलाबादमध्येच राहिली.

● २०१८ : नारनूरजवळच्या गुंजाला गावातल्या हस्तलिखितांत जपलेल्या गोंडी लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळालं.

लिपी संगणकावर पोहोचली. आता ती पहिलीच्या पाटीवरही यायला हवी. दिवाळीत गावोगाव दंडारी नाचाचे ढोल घुमतात. सुटीत घरी आलेल्या मुलाला त्या गाण्यांचा अर्थ आजीला विचारावा लागू नये, एवढं तरी शाळेने जपावं.