रात्रपाळी घरची

पूर्वी घरात कुणाचे ऑपरेशन ठरले की आधी माळ्यावरची वळकटी खाली निघायची. मग थर्मास, पुडाचा डबा, तांब्या-भांडे आणि रुग्णाजवळ रात्री कोण झोपणार याच्या पाळ्या. साध्या हर्नियालाही आठ-दहा दिवसांचा मुक्काम असे. भेटायला येणारे मोसंबी आणत आणि ती सोबतीला बसलेले खात. रुग्ण कण्हू लागला की आपण दारापर्यंत जाऊन "सिस्टर, जरा बघता का?" एवढेच म्हणायचे. दुखणे हा सिस्टरांचा प्रांत होता.

आता सकाळी सातला दाखल व्हायचे आणि संध्याकाळी दिवेलागणीला घरी. मोतीबिंदूचे भिंग बसवून दोन तासांत परतणे आपल्या अंगवळणी पडलेच आहे. हर्नियाची जाळी, दातांची रोपणे, हाडाची पट्टी, आणि आता काही ठिकाणी निवडक रुग्णांचा अख्खा गुडघासुद्धा. संसर्गाचे भय कमी, खर्च कमी, आपली उशी आपल्या डोक्याखाली. या सगळ्याच्या मी बाजूचा आहे. पण रुग्णालयातली ती रात्र काही नाहीशी होत नाही. ती रुग्णाबरोबर रिक्षात बसून घरी येते आणि तिची पाळी घरच्या कुणाला तरी करावी लागते.

ही कल्पना आजची नाही. ग्लासगोच्या मुलांच्या रुग्णालयातले शल्यविशारद जेम्स निकोल यांनी १८९९ ते १९०८ या काळात बाह्यरुग्ण विभागात केलेल्या ८,९८८ शस्त्रक्रियांचा हिशेब १९०९ साली मांडला. पोरे ऑपरेशननंतर आयांच्या कुशीत घरी जात. निकोल यांचे म्हणणे असे की लहान मूल आईजवळच लवकर बरे होते. मात्र त्यांच्या परिचारिका त्या मुलांच्या घरी जाऊन त्यांना बघून येत. या दुसऱ्या वाक्याकडे मी पुढे परत येणार आहे.

गुडघ्याबद्दल बोलायचे तर आपल्याकडे 'नी रिप्लेसमेंट' हा शब्द घरोघरी पोचला तो ऑक्टोबर २००० मध्ये. पंतप्रधान वाजपेयी मुंबईच्या ब्रीच कँडीत दाखल झाले आणि न्यूयॉर्कच्या डॉ. चित्तरंजन राणावतांनी त्यांचा डावा गुडघा बदलला. पुढच्या वर्षी उजवा. तेव्हा पंतप्रधानांचा रुग्णालयातला मुक्काम ही रोजची बातमी होती. आमच्या बँकेत तर दुपारच्या चहाला दुसरा विषय नसे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींना चाप लावला आणि सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या प्रकाराची कमाल किंमत करांशिवाय ५४,७२० रुपये ठरवली. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला गुडघ्याचा विचार करता येऊ लागला तो तेव्हापासून.

गेल्या वर्षी दसरा झाल्यावर माझ्या पत्नीचा उजवा गुडघा बदलला. वय चौसष्ट, मधुमेह नाही, रक्तदाब ताब्यात, इमारतीला लिफ्ट, घरात कमोड आणि चोवीस तास रिकामा नवरा. एवढ्या भांडवलावर सर्जनसाहेबांनी 'सकाळी या, संध्याकाळी जा' या योजनेत आम्हांला बसवले.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा ती माझ्यापेक्षा ताजीतवानी होती. "अहो, काहीच दुखत नाही हो!" असे तिने बंगलोरच्या मुलीला, शेजारच्या काकूंना आणि दूधवाल्याला सांगितले. भूलतज्ज्ञ बाईंनी मला निघतानाच बजावले होते, "काका, आज रात्री त्या हसतील. त्याच्यावर जाऊ नका. मांडीत नसेजवळ दिलेले बधिरीचे औषध साधारण बारा ते चोवीस तास टिकते. ते उतरायच्या आत गोळी पोटात गेलेली हवी. दुखायला लागल्यावर द्यायची नाही, घड्याळ बघून द्यायची." बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला हे लगेच कळते. हा आराम उसनवारीचा होता आणि परतफेडीची तारीख कागदावर लिहिलेली होती. शिवाय बधिर पाय भरवशाचा नसतो. दुखत नाही म्हणून बाई उठून चालू लागल्या आणि पडल्या, असे होऊ शकते. म्हणून पहिल्या रात्री वॉकर आणि माझा हात असल्याशिवाय पलंगावरून पाय खाली ठेवायचा नाही, असा दंडक केला.

मी एक लांब रजिस्टर काढले. वेळ, औषध, गोळीतले मूळ द्रव्य, बसल्या जागी दुखणे दहापैकी किती, चालताना किती, बर्फ केव्हा, पोट साफ झाले की नाही, असे रकाने पाडले. घरच्यांनी थट्टा केली. पण पहाटे तीन वाजता झोपेने तारवटलेल्या डोळ्यांनी 'मगाशी दिली ती कुठली?' हा प्रश्न पडतो तेव्हा रजिस्टरच कामाला येते.

'मूळ द्रव्य' हा रकाना फार महत्त्वाचा. चिठ्ठीवर असतात ती कंपन्यांनी ठेवलेली नावे. पॅरासिटॅमॉल घ्या. निरोगी प्रौढाला चोवीस तासांत चार ग्रॅम ही वरची मर्यादा, आणि वय, वजन, यकृत बघून डॉक्टर ती खाली आणतात. पण हेच पॅरासिटॅमॉल सर्दीच्या गोळीत असते आणि कित्येक जोडगोळ्यांतही असते. वेगळ्या नावाची, वेगळ्या रंगाची गोळी म्हणून आपण निर्धास्तपणे देतो आणि एकाच खात्यावर दोनदा रक्कम नावे पडते. दुसरी गोळी सूज उतरवणारी, डायक्लोफेनॅकच्या घराण्यातली. ती जेवणानंतरच, कारण ती पोटाला लागते. मूत्रपिंड, रक्तदाब, हृदय यांपैकी काही नाजूक असेल किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती नाहीच. आपल्या आकाशातली गिधाडे याच डायक्लोफेनॅकने संपत आणली हे फार थोड्यांना ठाऊक असते. औषध दिलेल्या गुरांचे मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, आणि २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. माणसाचे शरीर गिधाडाचे नव्हे, हे खरे. पण 'साधी दुखण्याची गोळी' असे मी तेव्हापासून म्हणत नाही.

तिसरी गोळी ट्रामाडॉलची, अडीनडीला ठेवलेली. २०१८ पासून ती अमली व मनोविकारी औषधांच्या कायद्याखाली आली आहे, त्यामुळे तिला डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि ते योग्यच आहे. तिने गुंगी येते, मळमळते आणि कोठा घट्ट होतो. या शेवटच्या गोष्टीबद्दल कादंबऱ्यांत कुणी लिहीत नाही, मीही लिहिलेले नाही. पण चौथ्या दिवशी आमच्या घरातला मुख्य प्रश्न गुडघा नव्हता, कोठा होता. डॉक्टरांनी पहिल्या दिवसापासून इसबगोल आणि भरपूर पाणी सांगितले होते ते उगाच नव्हे.

उसने फेडायची वेळ आली ती दुसऱ्या रात्री. बाईंचे हसणे मावळले होते. "दहापैकी किती?" असे विचारले की ती म्हणे, "तीन." चेहरा पांढरा, मुठीत चादर, आणि आकडा तीन! तासाने विचारले तरी तीनच. आमच्या पिढीच्या बायकांना न कण्हता सोसण्याचे प्रशस्तिपत्रक लहानपणीच मिळालेले असते. बाळंतपणात जिने आवाज केला नाही तिचे कौतुक सांगत घरोघरी रात्री सरल्या. अशा बाईला आकडा विचारून उपयोग नाही, कारण ती तो तुमची झोप मोडू नये अशा बेताने सांगते.

मी आकडे सोडले आणि शब्दांकडे वळलो. दुखण्याच्या बाबतीत मराठी भाषा श्रीमंत आहे. ठणका वेगळा, कळ वेगळी. चमक येऊन जाते, ठसठस राहते. जखम चुरचुरते, भगभगते, टाके ओढतात, पोटरीत वांब येतात, काटा सलतो, कंबरेत उसण भरते. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली रुग्णांसाठी एक प्रश्नावली केली. तिच्यात दुखण्याचे ७८ शब्द वीस गटांत लावलेले आहेत. आकड्यापेक्षा शब्द जास्त सांगतो हे त्यांनी ओळखले होते. "ठणका आहे की कळ येते?" असे विचारल्यावर पत्नी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "ठणका नाही. आत कुणीतरी लाटणं फिरवतंय. अन् पाय हलवला की कळ थेट मांडीत जाते." हे वाक्य मी रजिस्टरात जसेच्या तसे लिहिले आणि फोनवर भूलतज्ज्ञ बाईंना वाचून दाखवले. त्यांनी पोटरीला सूज आहे का, ताप आहे का, पायाची बोटे हलतात का, एवढे विचारले आणि अडीनडीची गोळी द्यायला सांगितली. पाऊण तासाने चादर मुठीतून सुटली.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारून घेतली. तिच्या सोबतच्या टिपांत, वेदना ही नेहमीच ज्याची त्याची असते आणि माणूस दुखते म्हणाला तर त्याचे म्हणणे मानावे, असा भाव आहे. उत्तम आहे. पण दुखत नाही म्हणणाऱ्याचे काय करावे यावरही कुणी टीप लिहायला हवी. आमच्याकडे ते काम फिजिओथेरपीच्या मुलीने केले. वय असेल पंचवीस. "काकू, सोसल्याचं इथे बक्षीस नाही. दुखतंय म्हणून पाय वाकवला नाहीत तर गुडघा आखडतो, मग माझ्याशी गाठ आहे." दुखणे शून्यावर आणायचे नसते हेही तिनेच सांगितले. चालता यावे, व्यायाम करता यावा आणि दोन-तीन तास सलग झोप लागावी इतके ते उतरले की पुरे. म्हणूनच बसल्या जागीचा आकडा आणि चालतानाचा आकडा हे दोन रकाने वेगळे.

भेटायला आलेल्यांनी सल्ल्यांचा पाऊस पाडला. एका मावशींनी गुडघ्याखाली मऊ लोड सरकवला. रुग्णाला फार बरे वाटते, पण गुडघा वाकलेलाच राहतो आणि पुढे सरळ होईना. उशी घ्यायची ती टाचेखाली. दुसऱ्यांनी तेल लावून पोटरी रगडण्याचा आग्रह धरला. ऑपरेशननंतर पायाच्या शिरेत रक्ताची गाठ धरू शकते, अशा वेळी पोटरी रगडणे धोक्याचे, म्हणून त्यांना चहावर कटवले. गरम शेकाचाही आग्रह झाला. सुरुवातीच्या दिवसांत सुजेला थंडच मानवते. बर्फाची पिशवी पंचात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे, मग विश्रांती. हा नुसता दिलासा नव्हे. मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडले की दुखण्याचे निरोप मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत जणू एक फाटक लागते, आणि स्पर्शाचे निरोप ते फाटक थोडे लोटू शकतात. पडलेल्या पोराच्या गुडघ्यावर आई हात फिरवते तेव्हा ती हेच करत असते.

काही गोष्टींना मात्र घरचा उपाय नाही. पोटरी सुजून घट्ट होणे, छातीत दुखणे किंवा धाप लागणे, थंडी वाजून ताप, जखमेतून पू वा थांबत नसलेले रक्त, बधिरी उतरल्यावरही बोटे न हलणे, गोळ्या घेऊनही वाढतच जाणारे दुखणे. यांत सकाळची वाट बघायची नसते. मी हे मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावले होते.

आता निकोल यांच्या परिचारिकांकडे येतो. आम्हांला रुग्णालयाने एक गुळगुळीत कार्ड दिले होते, त्यावर 'अहोरात्र मदत' म्हणून एक नंबर. दुसऱ्या रात्री त्या नंबरावर मी अकरा मिनिटे बासरी ऐकली. वेळ रजिस्टरात आहे. भूलतज्ज्ञ बाईंनी आपला नंबर पेनने कार्डाच्या मागे लिहून दिला नसता तर आम्ही रुग्णवाहिका बोलावली असती. एका डॉक्टरच्या भलेपणावर व्यवस्था चालवणे म्हणजे एका रोखपालाच्या प्रामाणिकपणावर तिजोरी उघडी ठेवणे. रुग्णालय एक रात्र वाचवते, ती घरी पाठवते, तर तिच्याबरोबर उचलला जाणारा फोन आणि दुसऱ्या दिवशी दारात येणारी एक परिचारिका पाठवणे हा त्याच व्यवहाराचा भाग आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ग्लासगोत तो धरला होता.

आणि पाळी कोण करतो? माझ्यासारखा निवृत्त माणूस असला तर ठीक. आमच्या इमारतीत दोन घरी ती सुनांनी केली. एकीने बिनपगारी रजा घेतली, दुसरी रात्री जागून सकाळी लोकल पकडत होती. रुग्णालयाच्या बिलात हे येत नाही आणि विम्याच्या फॉर्मात त्याला रकाना नाही. विम्यावरून आठवले. चोवीस तास दाखल राहण्याची अट नसलेल्या 'डे केअर' उपचारांत आपले ऑपरेशन बसते का, हे कंपनीकडून आधी लेखी घ्या आणि घरी आल्यावरच्या औषधांची, फिजिओथेरपीची बिले फाईलला लावा. आमचा दावा मंजूर झाला, पण तीन पत्रांनंतर. त्या पत्रांचा मसुदा मी किती आनंदाने केला ते सांगत नाही.

अकराव्या दिवशी ट्रामाडॉलचा रकाना रिकामा राहिला. तिसऱ्या आठवड्यात पत्नी काठीवर स्वयंपाकघरापर्यंत गेली आणि माझ्या हातचा वरणभात बंद झाला. रात्री कुशीवर वळताना ओढ लागणे आणि संध्याकाळची सूज मात्र पुढे बरेच आठवडे राहिली, आणि हेही आधी सांगितलेले होते म्हणून घाबरगुंडी उडाली नाही. खालच्या मजल्यावरच्या काकांचा गुडघा पुढच्या महिन्यात ठरला आहे. ते परवा रजिस्टराची झेरॉक्स मागायला आले. मी रकाने आखलेली कोरी पाने दिली. काकूंनी ती घेतली, चष्मा लावून वाचली आणि विचारले, "यात माझ्या झोपेचा रकाना कुठंय?" तो मी आता आखून देतो आहे.