घोडेगावचा घोड्यांशी काय संबंध? नावामागचं उत्तर नदीत आहे

मंचरवरून भीमाशंकरला जाताना वाटेत घोडेगाव लागतं. पाटी वाचली की अनेकांच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो: इथे पूर्वी घोडे पाळायचे की घोड्यांचा बाजार भरायचा?

खरं तर या नावासाठी घोड्यांच्या मागे जायची गरजच नाही. गावाजवळून वाहणाऱ्या नदीचं नावच घोड आहे. ती आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीत आहुपे परिसरात उगम पावते. पूर्वेकडे वाहताना तिला मीना आणि कुकडी मिळतात आणि शेवटी ती भीमेला जाऊन मिळते. घोड नदीवरचं गाव, म्हणून घोडेगाव. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये तर गावाची नोंद नुसती ‘घोडे’ अशी आहे.

याच नदीनं आणखी एका गावाला नाव दिलंय. खालच्या अंगाला असलेलं शिरूर ‘घोडनदी’ म्हणूनही ओळखलं जातं.

मग प्रत्येक घोडेगाव नदीवरूनच आलं का? तर नाही. नेवासा तालुक्यातही एक घोडेगाव आहे, जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेलं. ते घोड नदीच्या काठावर नाही. नाव सारखं असलं तरी त्यामागची गोष्ट वेगळी असू शकते, ती अशी.

आता दुसरा प्रश्न. घोडेगाव हे तालुक्याचं ठिकाण. तहसील कार्यालय इथे, आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालयही इथेच. मग तालुक्याचं नाव आंबेगाव कसं?

तर आंबेगाव नावाचं गाव खरोखर होतं, याच घोड नदीच्या खोऱ्यात. कुकडी प्रकल्पात नदीवर डिंभे धरण बांधलं गेलं आणि मूळ आंबेगाव पाण्याखाली गेलं. खोऱ्यातल्या अनेक कुटुंबांना, त्यातही आदिवासींना, घरं आणि जमिनी सोडाव्या लागल्या. या जलाशयाला याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे हुतात्मा बाबू गेनू यांचं नाव दिलंय. उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं की जुन्या गावाच्या खुणा आजही वर येतात.

गाव बुडालं, पण नाव कागदावरून गेलं नाही. घोडेगावातल्या शेतकऱ्यानं आज सातबारा काढला, तर त्यावर गाव घोडेगाव असतं आणि तालुका आंबेगाव. एक नाव नदीनं दिलेलं, दुसरं त्याच नदीच्या पाण्याखाली गेलेल्या गावाचं.